डिवचलेलं फळ



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या सभागृहातली निम्मी माणसं माझ्याहून जवळून ओळखत होती. त्यांच्या आठवणी मी सांगाव्यात असं काही नाही. विषय सोडून बोललेलं त्यांना खपत नसे, एवढं मात्र मलाही ठाऊक आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

विषय आहे अतिनील प्रकाश आणि तोडलेलं संत्रं. निमंत्रणपत्रिका वाचून एका बागायतदार मित्रानं फोन केला. म्हणाला, "सर, पाण्याच्या फिल्टरमधे तो निळा दिवा असते, तोच ना हा?" दिवा तोच. काम मात्र वेगळं, आणि आजचं माझं बोलणं बहुतेक त्या वेगळेपणाभोवतीच फिरणार आहे. फिल्टरमधला दिवा पाण्यातले जंतू मारतो. संत्र्यावर तोच उजेड टाकतात तेव्हा बुरशी मरते की नाही हा प्रश्न दुय्यम असतो. त्या उजेडानं संत्रं डिवचलं जातं, आणि मग बुरशीशी झुंजायचं ते संत्रंच झुंजतं.

हे पटायला आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. झाडावरून तोडलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, पाणी गमावतं, जखम झाली तर ती भरून काढायची खटपट करतं. आंबा-केळ्यासारखं ते तोडल्यावर पिकत नाही. जेवढी गोडी झाडावर आली तेवढीच. पण सालीतल्या पेशी पुढे कित्येक आठवडे जिवंत असतात. आपण मात्र तोडणी झाली की संत्र्याला विटा-वाळूसारखा माल समजतो. ट्रक भरतानाची आपली भाषाही तशीच असते, आणि फेकाफेकीही.

आता शत्रू पाहू. पेटी उघडल्यावर एखाद्या फळावर पाणी सुटल्यासारखा मऊ डाग दिसतो. बोट लावलं तर साल आत दबते, जरा जोर दिला तर बोटच आत जातं. दुसऱ्या दिवशी त्या डागावर पांढरी लव येते. मग मधोमध शेवाळी हिरवी भुकटी धरते आणि तिच्याभोवती पांढऱ्याचा रुंद काठ राहतो. ही हिरवी बुरशी, पेनिसिलियम डिजिटाटम. हिची बहीण निळी बुरशी, पेनिसिलियम इटालिकम. ती थंडीत जास्त तग धरते आणि शेजारच्या चांगल्या फळातही शिरते. ज्या घराण्यातून पेनिसिलिन आलं त्याच घराण्यातल्या या दोघी. १९४३ साली पेनिसिलिनच्या मोठ्या उत्पादनासाठी उपयोगी पडलेला वाण अमेरिकेत पिओरिया गावी एका बुरसटलेल्या खरबुजावर मिळाला होता. एकाच कुळात असे दोन टोकांचे वारस निघावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या हिरव्या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीजाणू. एका सडक्या फळावर ते अब्जावधींच्या संख्येनं असतात, आणि पेटी हलवली की धुरळ्यासारखे उडतात. तरीही शाबूत सालीतून या बुरशीला आत जाता येत नाही. तिला जखम लागते: नखाचा ओरखडा, कात्रीचं टोक, काट्याची टोच, क्रेटच्या तळाशी राहिलेल्या खड्याची खरवड, किंवा फळ पिरगळून ओढल्यावर देठापाशी निघालेला सालीचा टवका. जखमेतून रस आणि तेल झिरपतं आणि त्याच्याच वासा-चवीनं बीजाणू रुजतो. पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर साधारण अठ्ठेचाळीस तासांत मामला हाताबाहेर जातो. त्यानंतर वरून काही लावा, आत सड सुरू झालेली असते.

हे अठ्ठेचाळीस तास लक्षात ठेवा. पुढे त्यांचाच हिशेब मांडायचा आहे.

आजवर जगभर या बुरशीवर औषधंच वापरली गेली. इमॅझलिल, थायाबेंडाझोल ही मोठ्या पॅकिंग केंद्रांतली ठरलेली नावं. कार्बेन्डाझिम तर आपल्याकडे कृषी सेवा केंद्राच्या फळीवर हात टाकला की सापडतं. औषधं स्वस्त आहेत आणि काम करतात, यात वाद नाही. पण एकच औषध वर्षानुवर्षं त्याच शेडमध्ये फवारलं की त्याला न जुमानणारी बुरशी तिथंच पोसली जाते. थायाबेंडाझोलला सरावलेली बुरशी कार्बेन्डाझिमलाही भीक घालत नाही, कारण दोन्हींचा घाव एकाच ठिकाणी बसतो. शिवाय घेणारे देश सालीवरच्या अवशेषांच्या मर्यादा आवळत चालले आहेत; कार्बेन्डाझिमला युरोपात आता मान्यताच नाही. संत्र्याची साल आपण फेकतो, पण तिकडे तिचा मुरंबा करतात, किसून केकमध्ये घालतात. सालीवर काय आहे हे गिऱ्हाईक विचारणारच.

अतिनील प्रकाशाची कहाणी थोडक्यात सांगतो. १८०१ साली येना इथं योहान रिटर यांनी पाहिलं, की वर्णपटातल्या जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं चांदीचा क्षार सगळ्यात लवकर काळा पडतो. १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी दाखवलं, की उन्हात ठेवलेल्या नळ्यांत जंतू वाढत नाहीत. नील्स फिनसेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. पुढे पाऱ्याच्या वाफेचे दिवे आले. कमी दाबाच्या अशा दिव्याचा बहुतेक अतिनील उजेड २५४ नॅनोमीटरच्या एकाच लांबीचा असतो, आणि नेमक्या त्याच सुमाराचा उजेड सजीवांच्या डीएनएत भरपूर शोषला जातो. डीएनएच्या साखळीत शेजारी-शेजारी असलेले दोन दुवे एकमेकांना चिकटतात, नक्कल करणारी यंत्रणा तिथं अडखळते आणि जंतूचं वाढणं थांबतं. साध्या काचेतून हा उजेड जात नाही, म्हणून दिव्याची नळी क्वार्ट्झची किंवा तसाच उजेड सोडणाऱ्या खास काचेची लागते.

२०० ते २८० नॅनोमीटरच्या या पट्ट्याला अतिनील-सी म्हणतात. सूर्यापासून तो निघतो, पण वरच्या वातावरणातच अडतो. जमिनीवर पोचत नाही. म्हणजे दिव्याखाली ठेवलेलं संत्रं ज्या उजेडाला सामोरं जातं, तो त्याच्या झाडानं बागेत कधी अनुभवलेलाच नसतो. तरी ते त्याला उत्तर देतं.

हे उत्तर पहिल्यांदा चिकाटीनं ऐकणाऱ्यांत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली टस्कीगी ही संस्था होती. मराठी वाचकाला हे नाव नवं नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' ज्यानं वाचलं त्याला टस्कीगी आपल्या तालुक्याच्या गावाइतकं ओळखीचं असतं. त्याच संस्थेत, कार्व्हरांच्या नंतर कितीतरी वर्षांनी, क्लॉझेल स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांदे, रताळी, पीच यांच्यावर अतिनील-सीचे अगदी हलके डोस देऊन पाहिले. वेस्ट व्हर्जिनियातल्या सरकारी फळसंशोधन केंद्रातले चार्ल्स विल्सन त्यांच्या सोबतीला होते. काळ १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध. साठवणीत सड कमी झाली. बुरशी दिव्यानं मेली म्हणून सड कमी झाली, असं म्हणून गप्प बसता आलं असतं. ही माणसं गप्प बसली नाहीत, कारण उजेड इतका थोडा होता की तेवढ्यानं सगळं निर्जंतुक होणं पटत नव्हतं. जास्त मात्रेत जे घातक, तेच थोड्या मात्रेत शरीराला चेतवतं, या घटनेला १९४३ पासून हॉर्मेसिस असं नाव आहे. स्टीव्हन्स-विल्सन यांनी फळं-भाज्यांच्या साठवणीसाठी तोच धागा धरला.

मात्र संत्र्याच्या बाबतीत या गोष्टीचा निकाल लावणारा प्रयोग झाला इस्रायलमध्ये, बेट दगान इथल्या व्होल्कानी संशोधन केंद्रात. जाफा संत्री जगभर पाठवणारा देश. सड म्हणजे तिथं थेट परकीय चलनाचा प्रश्न. व्हिक्टर रोडोव, शिमशोन बेन-यहोशुआ आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेलं हे काम मी सावकाश सांगणार आहे, कारण सगळा विषय त्यात सामावला आहे.

त्यांनी कुमक्वात घेतलं. आवळ्यापेक्षा जरा मोठं, लांबट, सालीसकट खातात असं संत्र्याच्या नात्यातलं फळ. फळांच्या एका गटावर आधी अतिनील उजेड टाकला, दोन दिवस तशीच ठेवली, आणि मग हिरव्या बुरशीचा संसर्ग केला. दुसऱ्या गटात क्रम उलटा: आधी संसर्ग, मग उजेड.

आता विचार करा. हा दिवा जर फक्त मारेकरी असता, तर दुसऱ्या गटाला फायदा व्हायला हवा होता. बुरशी समोर आहे, उजेड तिच्यावरच पडतो आहे. आणि पहिल्या गटाला काहीच मिळायला नको होतं, कारण बुरशी आली तेव्हा दिवा विझून दोन दिवस झाले होते. त्या बुरशीनं तो उजेड पाहिलासुद्धा नव्हता. झालं उलट. पहिल्या गटातली सड कमी झाली. दुसऱ्या गटात सड काही थांबली नाही.

म्हणजे उजेडानं जे केलं ते फळात केलं. साल सोलून रासायनिक तपासणी केली तेव्हा तिच्या रंगीत थरात स्कोपॅरोन नावाचा पदार्थ साचलेला सापडला. हा कूमारिन कुळातला, बुरशीची वाढ रोखणारा पदार्थ. उजेड न दाखवलेल्या फळात तो नाममात्र होता. दाखवलेल्या फळात तो दिवसेंदिवस वाढत गेला, अकराव्या दिवशी शिगेला पोचला, मग भराभर उतरला, आणि महिन्याभरात पुन्हा नाममात्र उरला.

गावात चोर शिरल्याची आवई उठते, लोक काठ्या घेऊन रात्री जागतात, चोर काही येत नाही. पण त्या पंधरवड्यात खरोखरच कोणी आला तर त्याची धडगत नसते. आणि मग हळूहळू सगळे पुन्हा झोपायला लागतात. कुमक्वातच्या सालीत नेमकं हेच घडलं.

सालीच्या आत याची यंत्रणा बरीच उलगडली आहे. उजेडानं पेशींना इजा होते. ती इजा ओळखून काही विकरं कामाला लागतात. त्यातलं मुख्य फिनाइल-अॅलानिनवर काम करणारं, ज्याच्यापासून कूमारिनांची वाट सुरू होते. सामीर द्रोबी यांच्या गटानं ग्रेपफ्रूटवर दाखवलं, की उजेडानंतर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ही हालचाल जोरात असते आणि फळाची प्रतिकारशक्तीही त्याच सुमारास सर्वाधिक. पुढच्या काही वर्षांत कायटिनेज आणि ग्लुकानेज ही दोन विकरंही त्याच सालीत वाढलेली सापडली. बुरशीच्या पेशीची भिंत ज्या पदार्थांची असते, तेच पदार्थ ही विकरं कुरतडतात.

आता फळाचं आणि बुरशीचं घड्याळ एकमेकांशेजारी ठेवा. फळाला शस्त्रं परजायला एक ते दोन दिवस लागतात. बुरशीलाही जखमेत पाय रोवायला दोनच दिवस लागतात. तोडणीच्या वेळी झालेल्या जखमेत बुरशी आधीच शिरलेली असते. संध्याकाळी फळ शेडमध्ये येतं, दुसऱ्या दिवशी दिव्याखालून जातं. तोवर शर्यत बहुतेक हरलेली असते. उजेडाचा उपयोग होतो तो त्यानंतरच्या जखमांसाठी: प्रतवारीच्या पट्ट्यावरच्या, ट्रकमधल्या, अडतीवरच्या, हातगाडीवरच्या. बागेत केलेला निष्काळजीपणा कोणत्याही दिव्यानं भरून निघत नाही. प्रकाशाच्या या तंत्राविषयी जे उत्साहानं बोलतात ते ही बाब बहुधा सांगत नाहीत, म्हणून मी ती जरा जोर देऊन सांगतो आहे.

मात्रेचंही पाहू. सार्डिनियातल्या सासारी इथल्या संशोधकांनी 'स्टार रुबी' ग्रेपफ्रूटवर काम केलं. चौरस मीटरला अर्धा किलोज्यूल एवढ्या उजेडानं सड घटली आणि फळ बिघडलं नाही. त्याहून जास्त दिलं की सालीवर तपकिरी चट्टे उठू लागले, काही ठिकाणी साल मेली. हंगामात लवकर तोडलेली फळं जास्त भाजली, उशिरा तोडलेली कमी. त्यांनीच संत्र्याच्या चार जाती तपासल्या, तेव्हा चौघींचं वागणं एकसारखं नव्हतं. म्हणजे मात्रा जातीनुसार बदलते, वयानुसार बदलते, आणि औषध व इजा यांच्यामधली वाट अरुंद आहे.

अर्धा किलोज्यूल म्हणजे किती? फळाच्या सालीवर चौरस मीटरला दहा वॅट एवढा अतिनील उजेड पडत असेल, तर पन्नास सेकंद. एवढंच. दिवा जरा जवळ आणला की वेळ कमी होतो, नळीवर धूळ बसली की वाढतो, दिवा जुना झाला की आणखी वाढतो. डोळ्याला यातलं काही कळत नाही. दिसतो तो फिकट निळा उजेड सोबतचा. खरं काम करणारा अदृश्य असतो. मोजणीचं उपकरण नसेल तर हे सगळं अंदाजपंचे होतं. करोनाच्या दिवसांत भाजीपाला आणि मोबाइल निर्जंतुक करायच्या पेट्या बाजारात धडाधड आल्या होत्या. त्यातल्या कितींमध्ये काय पडत होतं हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. तशी पेटी घेऊन संत्र्यावर प्रयोग करू नका.

फळ गोल असतं, ही दुसरी अडचण. वरून दिवा लावला तर खालची बाजू अंधारात. म्हणून फळं रोलरवर फिरवत न्यावी लागतात. याबाबत स्टीव्हन्स आणि मंडळींनी २००५ मध्ये एक मजेदार गोष्ट मांडली: सफरचंद, पीच आणि संत्रावर्गातल्या टँजेरिनमध्ये, फळ न फिरवता नुसत्या देठाच्या बाजूनं उजेड दिला तरी प्रतिकार चांगला तयार होतो. हे आणखी ठिकाणी पक्कं झालं तर यंत्र फार सोपं होईल. निदान देठाकडची बाजू महत्त्वाची आहे, हे आपल्याला बागेतूनही पटतं.

तिसरी गोष्ट तापमानाची. कुमक्वातच्या त्या प्रयोगात २ ते १७ अंशांच्या दरम्यान साठवण जितकी उबदार, तितकं स्कोपॅरोन जास्त तयार झालं. उजेड दाखवून फळ लगेच थंडगार खोलीत ढकललं तर ते हत्यार घडवायला बसतच नाही. दोन दिवस बाहेर, मग शीतगृह, असा क्रम लावावा लागेल. आणि आपल्याकडे तोडलेला माल दोन दिवस शेडमध्ये थांबवून ठेवणं म्हणजे काय, हे इथं बसलेल्या व्यापाऱ्यांना विचारा.

या सगळ्यामुळे तीस वर्षं होऊन गेली तरी हे तंत्र बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिलं. यात कोणाचं कारस्थान वगैरे नाही. औषधाचा टब स्वस्त पडतो, फळाचा आकार पाहत नाही, जात पाहत नाही आणि लगेच काम करतो. त्याच काळात याच वर्तुळातल्या शास्त्रज्ञांनी जखमेत बुरशीच्या आधी जागा बळकावणारं एक यीस्ट शोधलं होतं, कँडिडा ओलिओफिला. ते 'अॅस्पायर' नावानं बाजारातही आलं आणि काही वर्षांनी गेलं. जिवंत फळाला हाताशी धरून करायचे उपाय नेहमी थोडे लहरी असतात. फळ आज एक उत्तर देतं, पुढच्या बहाराला दुसरं.

गैरसमजाचाही एक अडसर आहे. 'किरण' म्हटलं की लोकांना लासलगाव आठवतं. तिथल्या 'कृषक' केंद्रात कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखले जातात. २००७ पासून आपला हापूस अमेरिकेला गेला तो अशाच प्रक्रियेनंतर. गॅमा किरण फळाच्या आरपार जातात. अतिनील-सी सालीच्या अगदी वरच्या थरातच अडकतो, फोडींपर्यंत पोचतही नाही. दोन्हींमुळे फळ किरणोत्सर्गी होत नाही. धोका आहे तो काम करणाऱ्याला: उघड्या दिव्याकडे पाहिलं तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, कातडी भाजते. दिवा बंद बोगद्यात हवा, आणि झाकण उघडताच आपोआप विझणारा हवा. मजूर बायकांना नुसते गॉगल वाटून ही जबाबदारी झटकता येणार नाही.

याच कुळातल्या एका सौम्य उजेडाचा वापर मात्र रोजच्या व्यवहारात पक्का रुजला आहे, आणि तो मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या काही पॅकिंग केंद्रांत पट्टा एका अंधाऱ्या खोलीतून जातो. वर अतिनील-ए दिवे, ज्यांना काळा उजेड म्हणतात. ज्या फळाची साल कुठे फुटली आहे किंवा सड नुकती सुरू झाली आहे, तिथलं सालीतलं द्रव्य त्या उजेडात पिवळसर हिरवं चमकतं. दिवसाउजेडी ते फळ अगदी निरोगी दिसतं. अंधारात डाग पेटतो आणि बसलेली माणसं तेवढी फळं वेचून काढतात. एक सडकं फळ पेटीत गेलं की साऱ्या पेटीवर हिरवी भुकटी बसते, तेव्हा ही वेचणी किती मोलाची ते सांगायला नको. आपल्या प्रतवारी केंद्रांनी पहिला खर्च कशावर करावा असं मला कोणी विचारलं, तर मी या अंधाऱ्या खोलीचं नाव घेईन.

आता नागपुरी संत्र्याकडे येतो. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या साठवणीवर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पुष्कळ काम झालं आहे. मिलिंद लदानिया यांचा लिंबूवर्गीय फळांवरचा २००८ चा इंग्रजी ग्रंथ तर जगभर हाताशी धरला जातो. पण आपलं संत्रं म्हणजे ग्रेपफ्रूट नव्हे. त्याची साल सैल. ती सुटते म्हणूनच ते खायला सोपं, आणि सुटते म्हणूनच ते वाहतुकीला नाजूक. पिरगळून तोडलं की देठापाशी टवका उडतो. आपल्या दमट हंगामात देठाकडून सुरू होणारी सडही मोठी आहे. तिची बुरशी बागेतच देठाच्या बोंडाखाली येऊन दबा धरून बसते आणि तोडणीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी उठते. सालीच्या वरच्या थरात अडकणारा उजेड तिच्यापर्यंत कितपत पोचेल, याविषयी मी फार आशा दाखवणार नाही. फळ सुरकुततं ते पाणी गेल्यानं. त्यावरही दिव्याचा इलाज नाही. तिथं मेणाचा मुलामा आणि ६-७ अंशांचं दमट शीतगृहच लागतं.

मग हा विषय आपल्याला कशाला हवा? बाजार लांब जातो आहे, म्हणून. बांगलादेश आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्यानं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या मालाला दुसरी दारं शोधावी लागली, आणि ती दारं दूरची आहेत. दूर म्हणजे जास्त दिवस, जास्त वेळा चढ-उतार, आणि दर चढ-उताराला नव्या जखमा. अतिनील उजेड राखण करतो ती नेमकी या नंतरच्या जखमांची. शिवाय जे लांबचे गिऱ्हाईक चांगला भाव देतात, तेच सालीवरच्या औषधाबद्दल जास्त चौकस असतात.

बेन-यहोशुआंनी उष्णतेचाही प्रयोग केला होता. फळं साधारण ३६ अंशांच्या दमट हवेत तीन दिवस ठेवली की जखमांच्या कडा कठीण होतात आणि बुरशीची वाट बंद होते. छत्तीस अंश ऐकून विदर्भातला माणूस हसतो; ते तर आपल्याकडे फुकट आहेत. पण आपलं ऊन कोरडं. त्यात फळ ठेवलं तर जखम भरण्याआधी सालच चिपाड होईल. हवेत ओल राखावी लागते, आणि त्या ओलीला पैसे पडतात. उजेड आणि ऊब एकत्र करून पाहण्यासारखं आहे, कारण ऊब तोडणीतल्या जखमांकडे पाहील आणि उजेड पुढच्या.

माझी सूचना लहान आहे. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीनं संशोधन संस्थेला सोबत घेऊन दोन बहार ही चाचणी घ्यावी. आंबिया आणि मृग दोन्ही घ्यावेत, कारण सार्डिनियाचा अनुभव सांगतो की फळाचं वय आणि तोडणीची वेळ बदलली की मात्रा बदलते. अर्ध्या किलोज्यूलपासून सुरुवात करून खाली आणि वर जावं. फळं चार ढिगांत वाटावीत. कात्रीनं देठ राखून तोडलेली आणि हातानं ओढलेली असे आधी दोन भाग, आणि त्या प्रत्येकातून अर्धी दिव्याखालून गेलेली, अर्धी न गेलेली. चारही ढीग तणस पसरलेल्या त्याच ट्रकमधून त्याच बाजाराला जावेत, आणि तिथं पोचल्यावर सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी प्रत्येक ढिगातली सडकी फळं मोजावीत; हिरवी बुरशी किती, देठाची सड किती, हे वेगवेगळं लिहावं. माझा अंदाज विचाराल तर कात्रीनं तोडलेला, दिवा न दाखवलेला ढीग हा ओढून तोडलेल्या, दिवा दाखवलेल्या ढिगाला सहज मागे टाकेल. अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. कात्रीचा खर्च मात्र चाचणीची वाट न पाहता याच बहारात करता येतो.

दिव्यांच्या किमती आणि बोगद्याच्या रचनेचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आलेले दिसतात. ते आता घेऊ.